क्रम चुकला, गणित बरोबर : चक्रीय हायड्रोकार्बनांवरच्या एका उत्तराचा प्रकरण अभ्यास

वरुड तालुक्यातल्या एका गावात, कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. अकरावीच्या सराव चाचणीत एक प्रश्न होता : सायक्लोप्रोपेन, सायक्लोब्युटेन, सायक्लोपेंटेन आणि सायक्लोहेक्सेन स्थिरतेच्या चढत्या क्रमाने लावा आणि कारण लिहा. बहुतेकांनी क्रम बरोबर लावला होता. तीन कार्बनचं वलय सगळ्यात अस्थिर, मग चाराचं, पाचाचं, आणि सहाचं सगळ्यात स्थिर. कारणाच्या जागी मात्र सगळीकडे गाइडमधली तीच ओळ : ‘कोनीय ताण कमी होत जातो म्हणून.’

एका मुलीनं सायक्लोपेंटेनला सगळ्यात स्थिर ठरवलं होतं आणि सायक्लोहेक्सेनला त्याच्या खालची जागा दिली होती. खाली तिनं गणित मांडलं होतं. कार्बनच्या चार बंधांमधला नैसर्गिक कोन १०९.५ अंश. समभुज त्रिकोणाचा कोन ६०, म्हणजे फरक ४९.५. चौरसाचा ९०, फरक १९.५. पंचकोनाचा १०८, फरक फक्त १.५. षट्कोनाचा १२०, फरक पुन्हा वाढून १०.५. म्हणून पाचाचं वलय सगळ्यात बरं, असा तिचा निष्कर्ष.

पेपर तपासताना मी त्या उत्तरावर फुली मारली नाही, तो पेपर बाजूला ठेवला. ज्यांचा क्रम बरोबर होता त्यांच्याकडे कारण नव्हतं, आणि जिच्याकडे कारण होतं तिचा क्रम चुकला होता. ‘कोनीय ताण कमी होत जातो’ हे वाक्य खरं धरलं तर त्या मुलीचाच क्रम निघायला हवा. म्हणजे वर्गातल्या इतर सगळ्यांनी स्वतःच्याच कारणाशी न जुळणारा क्रम लिहिला होता, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, तर ती म्हणाली, “मॅडम, मी काही मनानं नाही लिवलं. पुस्तकातलाच कोन घेतला अन् वजा करून पाह्यलं. सहाचा कोन एकशेवीस येते. मंग पाचाचं वलय बरं काऊन नाही?”

स्टाफरूममध्ये हे सांगितल्यावर एका सहकाऱ्यांचं मत वेगळं पडलं. “अहो मॅडम, बोर्डाच्या पेपरात क्रम विचारतील. चूक म्हणा अन् पुढं चला, सिलॅबस पडलाय.” सिलॅबस पडला होता हे खरंच. तरी मी तो धडा तिथंच थांबवला. मला दिसत होतं ते असं : तिचं गणित कुठे अडतं ते तिला स्वतः सापडलं नाही, तर ती पुढच्या वेळी सगळ्यांसारखा क्रम पाठ करेल आणि गणित करणं सोडून देईल. विज्ञान शिकवणाऱ्याला याहून मोठं नुकसान मी मानत नाही.

हेच उत्तर १८८५ साली

तिला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की तिच्या आधी हे गणित एका मोठ्या माणसानं मांडलं आहे. जर्मनीतले अडॉल्फ फॉन बायर. म्युनिकच्या त्यांच्या प्रयोगशाळेत विल्यम पर्किन हा तरुण इंग्रज रसायनज्ञ १८८३-८४ च्या सुमारास तीन आणि चार कार्बनच्या वलयांची संयुगं करत होता. सहापेक्षा लहान वलयं टिकणारच नाहीत, असं तेव्हा बहुतेकांना वाटायचं. ती झाली, पण चटकन उघडतात असं दिसलं. का, याचं उत्तर बायर यांनी १८८५ मध्ये दिलं. बंध आपल्या नैसर्गिक दिशेपासून वाकवावा लागतो, आणि जेवढा वाकवावा लागतो तेवढा ताण. फरक दोन बंधांत वाटला जातो म्हणून त्यांनी तो निम्मा केला. तीनासाठी २४ अंश ४४ मिनिटं (कोनाच्या एका अंशात ६० मिनिटं असतात), चारासाठी ९ अंश ४४ मिनिटं, पाचासाठी अवघी ४४ मिनिटं, आणि सहासाठी उलट्या बाजूला ५ अंश १६ मिनिटं. मुलीचे आकडे निम्मे करा, जवळपास हेच येतात.

बायर यांना १९०५ चं नोबेल मिळालं ते सेंद्रिय रंगद्रव्यं आणि हायड्रोअरोमॅटिक संयुगांवरच्या कामासाठी. त्यांचा ताणाचा विचार आजही टिकून आहे. अडचण त्यातल्या एका गृहीतकाची आहे, आणि ते त्यांनी सिद्ध केलेलं नव्हतं. ते कोणतं, हे मी वर्गाला लगेच सांगितलं नाही.

आधी मोजमाप

वर्गात पहिल्यांदा फळ्यावर आकडे आले. वलय जाळलं की उष्णता निघते. वलय मोठं तर उष्णताही जास्त, म्हणून सरळ तुलना करता येत नाही. पण ही सगळी वलयं एकाच तुकड्याची बनलेली आहेत : एक कार्बन आणि त्याला दोन हायड्रोजन. तेव्हा एकूण उष्णतेला तुकड्यांच्या संख्येनं भागायचं. लांब उघड्या साखळीत ताण नसतो, तिथे एका तुकड्यामागे सुमारे ६५९ किलोजूल प्रति मोल मिळतात. वलयात याहून जास्त निघाले, तर ते जास्तीचे किलोजूल ताणाच्या रूपानं आधीच साठवलेले होते.

आकडे असे : सायक्लोप्रोपेन ६९७, सायक्लोब्युटेन ६८६, सायक्लोपेंटेन ६६४, सायक्लोहेक्सेन ६५९.

वजाबाकी करून तुकड्यांच्या संख्येनं गुणायला मुलांनाच सांगितलं. त्यांची उत्तरं ११४, १०८, २५ आणि शून्य आली. पुस्तकांत ११५, ११० आणि २६ च्या आसपासचे आकडे मिळतात. आपण दशांश सोडल्यामुळे थोडा फरक पडतो.

ती मुलगी ‘शून्य’ या आकड्याकडे बराच वेळ पाहत होती. तिच्या हिशेबात सहाच्या वलयात १०.५ अंशांचा फरक होता, आणि जाळल्यावर ताणाचा एक किलोजूलही निघत नव्हता. पण वर्गातला दुसरा प्रश्न तिचाच होता, आणि तो मला पहिल्यापेक्षा मोलाचा वाटला : “मॅडम, तीनाचा फरक ४९.५ अन् चाराचा १९.५. मंग ताण जवळपास सारखाच कसा? एकशेचौदा अन् एकशेआठ?”

हा प्रश्न अनेक पाठ्यपुस्तकं सोडून देतात. म्हणजे कोनाच्या वजाबाकीला सहाचं वलय जमत नाही आणि चाराचंही जमत नाही. कोन सोडून आणखी काहीतरी मोजावं लागणार होतं.

धांड्याची प्रतिकृती

आमच्याकडे गोळ्या-काड्यांचे तयार मॉडेल संच नाहीत. ज्वारीचा धांडा मात्र मिळतो, अर्थात आता शोधावा लागतो, कारण या भागात ज्वारीची जागा कधीच कपाशी आणि सोयाबीननं घेतली आहे. एका मुलाच्या वावरात बांधाजवळ घरच्या बैलांपुरती ज्वारी होती. तो भारा घेऊन आला. लहानपणी धांड्याची बैलगाडी करणारी ही मुलं, त्यांना साधन समजावून सांगावं लागलं नाही. आतल्या मऊ पांढऱ्या गाभ्याचे तुकडे म्हणजे कार्बन, आणि वरची चिवट साल उभी चिरून काढलेल्या पट्ट्या म्हणजे बंध.

अडचण होती ती १०९.५ अंशांचा कोन हातानं पाडण्याची. त्यासाठी पुठ्ठ्याचा त्रिकोण कापला, बाजू १०, १० आणि १६.३ सेंटिमीटर. दोन समान बाजूंमधला कोन जवळजवळ १०९.५ येतो. कोणत्याही दोन पट्ट्या गाभ्यात खोवताना त्या या पुठ्ठ्याला लावून पाहायच्या. चारही पट्ट्या एकमेकींशी हाच कोन करतात का हे तपासताना मुलांना पहिल्यांदा कळलं की कार्बनचे चार बंध कागदावर मावत नाहीत. फळ्यावरचं अधिकचं चिन्ह आणि हातातली वस्तू वेगळी आहे.

मग सहा गाभे जोडून वलय करायला घेतलं. टेबलावर सपाट दाबलं की कुठली तरी पट्टी निसटायची. एका गटानं वैतागून ते सोडून दिलं, आणि वलय आपोआप उभं राहिलं : एक कार्बन वर, पुढचा खाली, पुन्हा वर. तीन वरच्या पातळीत, तीन खालच्या. पुठ्ठा लावून पाहिला, सगळे कोन जागेवर.

ती मुलगी लगेच म्हणाली, “हे सपाट नाहीच न मॅडम. मी तं षट्कोनाचा कोन घेतला होता.”

बायर यांचं गृहीतक हेच होतं. सगळी वलयं सपाट असतात, असं त्यांनी धरलं होतं. सहाचं वलय मुडपलं की ताणाशिवाय राहू शकतं, हे हेर्मान झाक्से यांनी १८९० मध्येच मांडलं होतं, तेही दोन आकारांसह, ज्यांना आज आपण खुर्ची आणि नाव म्हणतो. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, आणि १८९३ मध्ये ते वारले. पुढे क्ष-किरणांनी हिऱ्याची रचना कळली. हिऱ्यात कार्बनची सहाची वलयं मुडपलेलीच आहेत हे दिसल्यावर अर्न्स्ट मोर यांनी १९१८ मध्ये झाक्से यांचा विचार पुन्हा वर काढला. नॉर्वेत ऑड हासेल यांनी इलेक्ट्रॉन विवर्तनानं सायक्लोहेक्सेनचा खुर्चीचा आकार प्रत्यक्ष मोजून दाखवला, आणि १९५० मध्ये डेरेक बार्टन यांनी या आकाराचा अभिक्रियांवर काय परिणाम होतो ते दाखवलं. दोघांना १९६९ चं नोबेल एकत्र मिळालं. १८९० ते १९६९. झाक्से यांना जिवंतपणी एक तरी वाचक मिळायला हवा होता, असं मला हे शिकवताना दरवेळी वाटतं.

खुर्चीत कार्बन-कार्बन-कार्बन कोन सुमारे १११ अंश असतो. प्रत्येक कार्बनचा एक हायड्रोजन उभा, वर किंवा खाली, आणि दुसरा कडेला पसरलेला. वलय उलटतं तेव्हा उभे कडेला येतात आणि कडेचे उभे होतात. ही उलथापालथ होताना सुमारे ४५ किलोजूलची चढण लागते, आणि नेहमीच्या तापमानाला एक रेणू ती सेकंदाला लाखभर वेळा पार करतो. धांड्याच्या प्रतिकृतीत ती एका बाजूनं दाबून करता येते, आणि मध्येच ‘नाव’ कशी येते तेही बोटांना कळतं.

पाचाच्या वलयाला काय झालं

मुलीच्या उत्तराचा खरा निकाल पाचाच्या वलयानं लागला. सपाट पंचकोनात कोन १०८, म्हणजे जवळजवळ आदर्श. तरी ताण २६ किलोजूल का?

मुलांनी सपाट पंचकोन बनवून प्रत्येक बंधाच्या रेषेत एक डोळा मिटून पाहिलं. पुढच्या कार्बनचे हायड्रोजन मागच्या कार्बनच्या हायड्रोजनांना झाकत होते, पाचही बंधांवर. ईथेनमध्ये, म्हणजे दोन कार्बनच्या साखळीत, ही ग्रस्त (एकमेकांना झाकणारी) आणि विखुरलेली (एकमेकांच्या फटीत बसणारी) मांडणी ते शिकले होते. तिथे तीन जोड्या समोरासमोर आल्या की सुमारे १२ किलोजूल लागतात, म्हणजे एका जोडीला चार. सपाट पंचकोनात पाच बंधांवर दहा जोड्या, म्हणजे ४० च्या आसपास. कोन सांभाळायचा तर ही किंमत मोजावी लागते.

वलय मधला मार्ग काढतं. एक कार्बन प्रतलाच्या बाहेर उचलला जातो, उघड्या झाकणाच्या पाकिटाचा आकार येतो. कोन थोडे बिघडतात, पण समोरासमोर आलेल्या जोड्या हलतात, आणि एकूण ताण ४० ऐवजी २६ वर येतो. उचललेला कार्बन एकच राहत नाही, पाळी वलयभर फिरत राहते. म्हणजे सायक्लोपेंटेन आपला चांगला कोन स्वतःहून सोडतं. खुर्चीतलं सहाचं वलय बंधाच्या रेषेत पाहिलं तर एकही जोडी समोरासमोर नाही. कोनही बरा, मांडणीही बरी, म्हणून ताण शून्य.

चाराचं वलयही थोडं मुडपतं, त्यामुळे त्याचा कोन ९० वरून ८८ च्या आसपास उतरतो. कोन आणखी बिघडवूनही ते मुडपतं, यावरूनच समोरासमोरच्या आठ जोड्या त्याला किती जड जातात ते समजतं. शिवाय कर्णावरचे दोन कार्बन एकमेकांच्या फार जवळ येतात. मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्धं इथे होतं. उरलेलं अर्धं तीनाच्या वलयात होतं.

वाकडे बंध

तीन बिंदूंमधून एकच प्रतल जातं. सायक्लोप्रोपेनला मुडपायला जागाच नाही. सहा जोड्या समोरासमोर, आणि कोन ६०. इथे मुलांच्या हाताशी जे आलं ते मला जवळून सांगायचं आहे.

जाड पट्ट्यांनी त्रिकोण केला की गाभा फाटायचा. मग एका मुलीनं साल नखानं आणखी पातळ सोलली. पातळ पट्टी गाभ्यातून निघताना बाहेरच्या दिशेनं निघाली, धनुकलीसारखी वाकली आणि पुढच्या गाभ्यात पुन्हा बाहेरूनच शिरली. त्रिकोण उभा राहिला, पण त्याच्या बाजू फुगीर होत्या. एका गाभ्यातून निघणाऱ्या दोन पट्ट्यांमधला कोन ६० पेक्षा कितीतरी मोठा होता, आणि तिन्ही गाभे मात्र ६० अंशांच्या कोपऱ्यांवरच बसले होते.

सायक्लोप्रोपेनच्या बंधांचं आजचं चित्र हेच आहे. कूल्सन आणि मॉफिट यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस गणितानं दाखवलं की कार्बनची संकरित कक्षकं, म्हणजे बंधाचे इलेक्ट्रॉन जिथे वावरतात ते मिश्र भाग, ६० अंशांपर्यंत जवळ येत नाहीत. त्यांच्या दिशांमधला कोन १०४ अंशांच्या आसपास राहतो. कक्षकं एकमेकांवर येतात ती दोन केंद्रकांना जोडणाऱ्या रेषेच्या बाहेरच्या बाजूला, तिरकी. क्ष-किरणांनी काढलेल्या नकाशांतही इलेक्ट्रॉनांची दाटी त्या रेषेच्या बाहेर सापडते. समोरासमोर न येता तिरकं आल्यामुळे बंध दुबळा होतो. ईथेनमधला कार्बन-कार्बन बंध तोडायला ३७५ किलोजूलच्या आसपास लागतात, इथे २७० च्या आसपास पुरतात.

एका मुलानं इथे बरोबर अडवलं. या बंधाची लांबी १.५१ अँगस्ट्रॉम, ईथेनमध्ये १.५४. आखूड बंध मजबूत असतो असं आपण शिकलो, मग हा आखूड असून दुबळा कसा? आपण मोजतो ते केंद्रकापासून केंद्रकापर्यंतचं सरळ अंतर. इलेक्ट्रॉनांची दाटी त्या सरळ वाटेवर नाहीच, ती वाकड्या वाटेवर आहे. त्यानं धांड्याच्या पट्टीवर दोरा धरला, मग गाभ्यांच्या मध्यांना सरळ जोडून धरला, दोन्ही लांब्या पट्टीवर मोजल्या आणि बसला.

चाराच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं असं : संकरित कक्षकं एस आणि पी या दोन मूळ कक्षकांच्या मिश्रणातून बनतात, आणि एस-अंश जास्त तर बंध मजबूत. वलयातल्या बंधांत पी-अंश वाढतो, म्हणून हायड्रोजनकडे जाणाऱ्या बंधांना एस-अंश जास्त मिळतो. सायक्लोप्रोपेनमधले कार्बन-हायड्रोजन बंध त्यामुळे नेहमीपेक्षा मजबूत असतात, आणि दोन हायड्रोजनांमधला कोन ११५ च्या आसपास उघडतो. ही मजबुती वलयाच्या ताणातला काही भाग भरून काढते. म्हणून ४९.५ अंशांचा फरक असूनही ताण ११५ वरच थांबतो.

या टप्प्यावर कपाशीचा विषय निघाला, तो निघणारच होता. फवारणीतल्या सायपरमेथ्रिनच्या रेणूत कार्बनचं तीनाचं वलय आहे. त्याच कुळातल्या फेनव्हॅलरेटमध्ये ते नाही, तेव्हा वलयामुळेच औषध मारतं असा निष्कर्ष काढू नये, हे मी बजावून सांगितलं. सरकीच्या तेलात मात्र याहून ताणलेली गोष्ट आहे : काही मेदाम्लांच्या रेणूत तीनाचं वलय, आणि त्यातच एक दुहेरी बंध. साध्या सायक्लोप्रोपीनमध्ये ताण २२५ किलोजूलच्या वर जातो, सायक्लोप्रोपेनच्या जवळपास दुप्पट. हॅल्फेन चाचणीत सरकीचं तेल लाल रंग देतं तो याच वलयांमुळे, आणि दुसऱ्या तेलात सरकीची भेसळ त्यावरूनच ओळखतात. सरकीची पेंड खाणाऱ्या कोंबड्यांची अंडी साठवली तर पांढरं गुलाबी पडतं, तेही याच मेदाम्लांमुळे. बलकाभोवतीच्या पडद्यातून लोह पांढऱ्यात झिरपतं आणि तिथल्या प्रथिनाशी मिळून रंग धरतं.

गुणांचं काय केलं

क्रमाला गुण दिले नाहीत, कारण क्रम चुकला होता. कारणाचे पूर्ण गुण तिला दिले. ज्यांनी क्रम बरोबर आणि कारण गाइडचं लिहिलं, त्यांचे कारणाचे गुण कापले. यावर दोन पालक भेटायला आले. एकांना वाटत होतं की बरोबर उत्तराचे गुण कापणं अन्याय आहे. मी त्यांच्यासमोर मुलालाच कोनांची वजाबाकी करायला सांगितली. त्याला स्वतःच्याच कारणातून सायक्लोपेंटेन वर आलेलं दिसलं, तेव्हा वडील म्हणाले, “मंग हे लिवलंच काऊन होतं बे?” पुढे मला काही बोलावं लागलं नाही.

पुढच्या चाचणीत प्रश्न बदलला : सायक्लोपेंटेन सपाट का राहत नाही? बऱ्याच मुलांनी समोरासमोरच्या जोड्या मोजून उत्तर दिलं. काहींनी तरीही सपाट पंचकोन काढून कोन लिहिला. त्या मुलीनं ४० आणि २६ हे दोन्ही आकडे लिहिले आणि खाली ‘कोन सोडला, जोड्या वाचवल्या’ असं एक वाक्य जोडलं. धांड्यांच्या प्रतिकृतींची एक मर्यादाही वर्गात बोलून घेतली. पट्टीचा ताठरपणा म्हणजे बंधाची ऊर्जा नव्हे. आकार कसा येतो एवढंच ती सांगते, किलोजूल सांगत नाही. ते दहनाच्या आकड्यांवरूनच घ्यायचे.

शेवटचा प्रश्न मागच्या बाकावरून आला, आणि तो आमच्या भागाचाच होता. संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनिन असतं, दहा कार्बन आणि सोळा हायड्रोजनचं हायड्रोकार्बन, ज्यात सहाचं वलय आहे. साल मेणबत्तीजवळ पिळली की जे भपकन पेटतं ते हेच. मुलाचं म्हणणं : “त्याच्या वलयात तं एक दुहेरी बंध हाय मॅडम. मंग त्याची खुर्ची कशी होईन?”

होत नाही. दुहेरी बंधाचे दोन कार्बन आणि त्यांना लागून असलेले दोन, असे चार एका प्रतलात राहतात. उरलेले दोन, एक वर आणि एक खाली सरकतात, त्याला अर्धखुर्ची म्हणतात. साध्या सायक्लोहेक्झीनमध्ये ती उलटायला सुमारे २२ किलोजूलच पुरतात, खुर्चीच्या निम्म्यानं. वलयाच्या दुसऱ्या टोकाला असलेला तीन कार्बनचा गट शक्यतो कडेच्या जागी राहतो. त्यानं पुन्हा धांडा सोलायला घेतला. दुहेरी बंधासाठी दोन पट्ट्या शेजारी खोवल्या, चार गाभे टेबलावर टेकवले आणि उरलेल्या दोघांना जागा शोधू लागला.